व्हर्जिनिया ५४, यूएमबीसी ७४: तो डिफेन्स नेमका कुठे फुटला?

शार्लट्सव्हिलकर

२०१८ मध्ये यूएमबीसीचा कोच असलेला रायन ओडम २०२५ मध्ये आमच्या व्हर्जिनियाचा कोच झाला तेव्हापासून मनात होतं की २०१८ ची ती मॅच एकदा शांत डोक्याने बघायची. गेल्या वीकेंडला पूर्ण बघितली आणि आता त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

ज्यांना कॉलेज बास्केटबॉलचं फार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनसीएए टूर्नामेंट म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज टीमची राष्ट्रीय स्पर्धा, तिच्यात चार विभाग असतात आणि प्रत्येक विभागात टीमना १ ते १६ नंबर देतात, पहिल्या फेरीत १ नंबर विरुद्ध १६ नंबर. पुरुषांच्या टूर्नामेंटमध्ये १९८५ पासून अशा १३५ मॅच झाल्या होत्या आणि १३५ च्या १३५ एक नंबरवाल्यांनी जिंकल्या होत्या. १६ मार्च २०१८ ला शार्लट शहरात १३६ वी झाली, एक नंबर व्हर्जिनिया आणि सोळा नंबर यूएमबीसी (युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी). आमची व्हर्जिनिया ३१-२ अशी आलेली, एसीसी या आमच्या कॉन्फरन्समध्ये (सीझनभर आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात) १७-१, नॉर्थ कॅरोलिनाला हरवून एसीसी टूर्नामेंटही जिंकलेली, देशात सगळ्यात कमी पॉइंट देणारी टीम, मॅचमागे सरासरी ५४ च्या आसपास. यूएमबीसीने एकट्या दुसऱ्या हाफमध्ये ५३ केले. हाफटाइमला २१-२१, शेवटी ७४-५४.

तेव्हापासून जो तो म्हणतो की त्या दिवशी त्यांचे थ्री, म्हणजे लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट, पडले, २४ पैकी १२, त्याला कोण काय करणार. मला हे मान्य नाही. त्यांचं एकूण शूटिंग ५४ टक्क्यांच्या आसपास होतं, आणि थ्री ५० टक्के, म्हणजे रिंगजवळचे आणि मधले शॉटसुद्धा निम्म्याहून जास्त आत गेले. बाहेरून नशीब लागू शकतं, आतून लागत नाही. आतले शॉट पडतात म्हणजे कुणीतरी आत घुसतोय आणि कुणीतरी त्याला घुसू देतोय. आमचा पॅक लाइन डिफेन्स बांधलाय तोच मुळी आत घुसू न देण्यासाठी, मग तो नेमका तिथेच कसा फुटला हा माझा प्रश्न आहे.

माझं उत्तर डीआंद्रे हंटर. मनगट मोडलं त्याचं एसीसी टूर्नामेंटमध्ये आणि एनसीएए सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधी कळलं की तो नाही. लोक म्हणतात सिक्स्थ मॅन (बेंचवरून पहिला येणारा) होता, नऊ पॉइंटचा प्लेयर, एवढा काय फरक पडतो. फरक पॉइंटचा नव्हताच, तो ६ फूट ७ इंचाचा आणि छोट्या गार्डपासून मोठ्या फॉरवर्डपर्यंत कुणालाही धरू शकायचा. समोर पाचही जण पसरून खेळणारी छोटी टीम असली की आमचा तेव्हाचा कोच टोनी बेनेट याचं उत्तर हंटर होतं, आणि यूएमबीसी नेमकी तशीच टीम होती.

बाकीच्यांना काय वाटतं?

---

रिट्रीव्हर_बाल्टिमोर

मी यूएमबीसीतून एमएस केलंय, त्यामुळे माझी बाजू आधीच सांगून टाकतो :)

हंटर नव्हता हे खरंच मोठं होतं, ते कुणीच नाकारणार नाही. पण दादा, तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये जायरस लाइल्सचं नाव एकदाही नाही हो! २८ पॉइंट, त्यातले २३ दुसऱ्या हाफमध्ये, ११ शॉट घेतले आणि ९ आत. त्याला थ्रीसाठी मोकळं सोडलं तर थ्री, कुणी धावत अंगावर आलं की त्याच्या बाजूने ड्राइव्ह. सहा दिवस आधी आमच्या कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये व्हरमाँटच्या घरच्या कोर्टावर शेवटच्या सेकंदांत थ्री मारून ६५-६२ जिंकवून देणारा तोच, तो शॉट नसता तर आम्ही शार्लटला पोचलोच नसतो. आणि त्याचे वडील व्हर्जिनियाकडूनच फुटबॉल खेळलेले.

दुसरं नाव केजे मॉरा. ५ फूट ८ इंच. पूर्ण कोर्ट बॉल घेऊन पळायचा आणि डिफेन्समध्ये तुमच्या गार्डना मिडकोर्टच्या आधीपासून चिकटून राहायचा. तुमच्याकडे जेरोम आणि गाय सारखे शूटर असूनही पहिल्या हाफमध्ये २१ वर अडकले त्यात आमच्या डिफेन्सचा वाटा आहे की नाही?

आणि हीच टीम त्याच वर्षी जानेवारीत ऑल्बनीकडून ४४ पॉइंटने हरली होती, ८३-३९. जानेवारीतली ती टीम आणि मार्चमधली ही टीम, मधल्या दोन महिन्यांत ओडमने काय काम केलं असेल याचा विचार करा.

---

नागपाडा_गार्ड

धागा छान आहे. पॅक लाइनबद्दल थोडं लिहितो, कारण इथे वाचणाऱ्या बऱ्याच जणांनी नाव ऐकलं असेल पण ते चालतं कसं हे माहीत नसेल. मी स्वतः नागपाड्याच्या कोर्टवर वाढलेला, आमच्याकडे मॅन टू मॅन म्हणजे आपल्या माणसाला सावलीसारखं धरायचं, पासच मिळू द्यायचा नाही. पॅक लाइन याच्या बरोबर उलट विचार करतो.

टोनी बेनेटचे वडील डिक बेनेट, त्यांनी ही पद्धत घडवली. रिंगपासून साधारण १६ फुटांवर एक काल्पनिक रेषा धरायची. ज्याच्या माणसाकडे बॉल आहे तो एकटा बाहेर जाऊन प्रेशर देणार, बाकी चौघं रेषेच्या आत पाय ठेवून उभे, आपापल्या माणसाकडे अर्धं लक्ष आणि बॉलकडे अर्धं. म्हणजे बॉलवाला ड्राइव्ह करायला गेला की दोन्ही बाजूंना भिंत. लो पोस्टला, म्हणजे रिंगजवळ, बॉल गेला की दुसरा मोठा प्लेयर लगेच धावून डबल करतो, म्हणजे दोघं मिळून एकाला धरतात. बॉल स्क्रीन लागला, म्हणजे बॉलवाल्याचा साथीदार त्याच्या डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा राहिला, की मोठा प्लेयर उडी मारून गार्डच्या वाटेत येतो (हेज), मग परत पळत आपल्या जागेवर.

आता यात किंमत कुठे मोजावी लागते? कॉलेजची थ्रीची रेषा तेव्हा २० फूट ९ इंचांवर होती. म्हणजे पॅक लाइनवर उभा असलेला माणूस थ्री मारणाऱ्यापासून जवळजवळ पाच फूट आत. पास सुटल्यावर तो हवेत असतानाच निघायचं, शेवटची दोन पावलं छोटी टाकायची, हात वर, बूड खाली, म्हणजे शूटरला शॉट पण सहज मिळत नाही आणि बाजूने पण जाता येत नाही. पूर्ण डिफेन्सचा जीव या क्लोजआऊटमध्ये आहे. अर्धा सेकंद उशीर झाला की तुम्ही पळत, तोल पुढे टाकत त्याच्यावर जाता, आणि लाइल्ससारख्याला एवढंच हवं असतं, एक पाऊल टाकून तो आत, मग दुसरा मदतीला येतो, मग दुसऱ्याचा माणूस कोपऱ्यात मोकळा. एकदा का ही साखळी सुरू झाली की पाचही जण मागे मागे पळत राहतात.

त्यामुळे शार्लट्सव्हिलकर, तुमच्या आतल्या शॉटच्या प्रश्नाचं उत्तर बाहेरच आहे. एक-दोन थ्री पडले की क्लोजआऊट करणारा घाईत येतो, आणि घाईत आला की आतली वाट उघडते. वेगवेगळे दोन दोष नाहीत ते.

---

स्टॅटवाला

माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो बऱ्याच फॅन्सना आवडत नाही पण लिहितोच.

व्हर्जिनिया त्या वर्षी देशातली सगळ्यात संथ टीम होती. ३० सेकंदांचा शॉट क्लॉक, त्यातले बरेचसे वापरूनच शॉट घ्यायचा, समोरच्यालाही भिंतीपुढे तेवढाच वेळ बॉल फिरवायला लावायचा. मॅचमध्ये दोन्ही बाजूंना साठच्या आसपास पझेशन (बॉल हातात असण्याच्या पाळ्या), वेगाने खेळणाऱ्या टीमच्या मॅचमध्ये ती ७५ पर्यंत सहज जातात. आता तुम्ही समोरच्यापेक्षा खूप चांगले असाल तर तुम्हाला जास्त पझेशन हवीत की कमी? टेस्टमध्ये दुबळी टीम ऑस्ट्रेलियाला हरवणं किती अवघड आणि टी-ट्वेंटीमध्ये किती सोपं, तसंच आहे हे. जितका खेळ छोटा तितकी धक्क्याला जागा जास्त. एक नंबरच्या टीमने स्वतःहून खेळ छोटा करायचा म्हणजे सोळा नंबरच्या टीमला आपल्या हाताने दार उघडून देणं.

आणि मागे पडल्यावर तर आणखी वाईट. दुसरा हाफ सुरू झाला, काही मिनिटांत यूएमबीसीची लीड दोन आकड्यांत गेली, तेव्हा बेनेटकडे वेग वाढवायचा काही मार्गच नव्हता, कारण वर्षभर वेग कमी करायचाच सराव केलेला.

---

शार्लट्सव्हिलकर

@नागपाडा_गार्ड, एवढं नीट कुणी समजावलं नव्हतं मला, मनापासून आभार. पटलं. @रिट्रीव्हर, लाइल्सबद्दल तुमचं म्हणणं १०० टक्के बरोबर, जबरदस्त खेळला तो.

@स्टॅटवाला, गणित कळतं मला, पण त्याच संथ खेळाने ३१ मॅच जिंकल्या ना. ड्यूक, नॉर्थ कॅरोलिना यांच्याकडे दरवर्षी येणारे प्लेयर बघा आणि शार्लट्सव्हिलला, म्हणजे व्हर्जिनियाच्या गावी, येणारे बघा, त्यांच्याशी पळापळीचा खेळ खेळायचा तर आपण एसीसीत मधल्या नंबरवर राहिलो असतो. बेनेट आला २००९ मध्ये, त्याच्या आधीची बरीच वर्षं काय होतं आठवतंय का कुणाला? एसीसी टूर्नामेंट १९७६ नंतर थेट २०१४ मध्ये जिंकलो, ती याच डिफेन्सवर.

पण मागे पडल्यावर काय, या तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, उलट त्यात भरच घालतो. २०१६ ची एलिट एट, म्हणजे एनसीएएतली शेवटच्या आठ टीमची फेरी, आठवा, सिरॅक्यूजविरुद्ध दुसऱ्या हाफमध्ये १५ ची लीड होती, त्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे पूर्ण कोर्टभर अंगावर येऊन धरायला लागले, खेळ अचानक वेगाने सुरू झाला आणि आम्ही ६८-६२ हरलो. म्हणजे वेग वाढला की आमची टीम गडबडते हे दोन वर्षं आधीच दिसलेलं होतं.

---

मधला_कोर्ट

सगळं वाचलं. मला वाटतं तुम्ही सगळे कोचला फार सांभाळून घेताय. लीड वाढत होती, तेव्हा दोन-चार पझेशन झोन (माणूस न धरता जागा धरायची) टाकून बघायला काय हरकत होती? प्रेस लावून मॉराला बॉल सोडायला भाग पाडायचं, लाइल्सच्या हातातून बॉल काढायचा, त्याला डबल करायचं. जे चालत नाहीये तेच शेवटपर्यंत करत राहिले. डिफेन्सची टीम म्हणवता तर तुमच्याकडे डिफेन्सचा दुसरा प्रकार नको?

---

नागपाडा_गार्ड

@मधला_कोर्ट भाऊ, ऐकायला सोपं वाटतं पण कोर्टवर तसं होत नाही. पॅक लाइन ही सवय आहे, पाचही जणांचे पाय एकाच वेळी हलले पाहिजेत, त्यासाठी रोज शेल ड्रिल, रोज क्लोजआऊट, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत. त्यात झोन मिसळला तर कुठल्या पासवर कुणी जायचं यात गोंधळ होतो. आणि जी टीम थ्री मारतेय तिच्यासमोर झोन म्हणजे आगीत तेल.

लाइल्सला डबल करायचं म्हणता, बरोबर, पण त्यांचे बाकीचे चौघं पसरलेले, शेरबर्नसारखा फॉरवर्डसुद्धा थ्रीच्या रेषेबाहेर उभा, त्याने १४ केले. एका कोपऱ्यातून माणूस काढला की तो कोपरा उघडा. इथेच हंटर लागतो. स्क्रीन लागल्यावर हेज नको नि मदत नको, सरळ स्विच करायचं, म्हणजे धरायची माणसं आपसात बदलायची, हंटर लाइल्ससमोर उभा, बाकी चौघं जागेवर. आयझाया विल्किन्स त्या वर्षीचा एसीसीचा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर, पण त्याची ताकद मदतीला जाण्यात, ब्लॉकमध्ये, आतल्या जागेत. जॅक सॉल्ट ६ फूट १० इंच, स्क्रीन लावायला आणि पोस्टमध्ये उत्तम. या दोघांना रिंगपासून २२ फूट लांब ओढलं की तुमचे दोन सगळ्यात चांगले मदतनीस मदतीच्या जागेपासूनच लांब गेले. यूएमबीसीने नाक दाबलं ते बरोबर ठिकाणी.

प्रेसबद्दल मात्र तुमच्याशी अर्धा सहमत. पॅक लाइनमध्ये स्टील (बॉल हिसकावणं) फार होत नाहीत, पास अडवायला कुणी जातच नाही. म्हणून पिछाडीवर असताना हा डिफेन्स तुम्हाला बॉल परत मिळवून देत नाही, फक्त समोरच्याचा शॉट अवघड करतो.

---

स्वाती_रिचमंड

सगळे डिफेन्सबद्दल बोलताय पण मला वाटतं मॅच हरली ती ऑफेन्समुळे. थ्री २२ पैकी ४! गाय आणि जेरोम दोघांचे १५-१५, पण मोकळे शॉट फार कमी. त्या वर्षी मुख्यतः मूव्हर-ब्लॉकर खेळायचे, म्हणजे तीन जण सतत पळत राहणार, दोन मोठे प्लेयर त्यांना स्क्रीन लावत राहणार. छान दिसतं, पण ते दोन स्क्रीनवाले बाहेरून शॉट मारत नसले तर त्यांचे डिफेंडर आरामात आत उभे राहतात आणि कोर्ट आक्रसतं. बॉलवर प्रेशर आलं, एक-दोन शॉट चुकले की मग चेहऱ्यावर दिसतंच ना, प्रत्येक शॉट चुकल्यावर सगळ्या देशाचं ओझं अंगावर. पहिल्या हाफमध्ये डिफेन्सने २१ च दिले होते हो. वीस मिनिटांत २१ देऊनही तुम्ही पुढे नाही, याचा दोष डिफेन्सला कसा देणार?

आणि पुढच्या वर्षी काय बदललं ते बघा, तिथे खरं उत्तर आहे. डिफेन्स तोच ठेवला. ऑफेन्समध्ये बॉल स्क्रीन खूप वाढवले, जेरोमच्या हातात बॉल दिला, किहे क्लार्क हा छोटा गार्ड आला त्यामुळे समोरच्याच्या बॉलवर फुल कोर्ट प्रेशरही आलं, हंटर बरा होऊन स्टार्टर झाला. २०१९ च्या पहिल्या फेरीत परत सोळा नंबर समोर, गार्डनर-वेब, पहिल्या हाफमध्ये १४ ने मागे, हाफटाइमला ३६-३०. आमच्या घरात कुणी बोलेना. पण या वेळी पॉइंट करायचे रस्ते होते, हंटरने २३ केले आणि ७१-५६ जिंकले.

त्याहून मोठा पुरावा त्याच टूर्नामेंटमधली पर्ड्यूची मॅच. कार्सन एडवर्ड्सने याच पॅक लाइनवर १० थ्री मारले, ४२ पॉइंट! २०१८ मध्ये असं झालं असतं तर आपण वीसने हरलो असतो. २०१९ मध्ये गायने २५ केले, क्लार्कच्या त्या लांब पासवर डियाकिटेने बजरला बरोबरीचा शॉट टाकला, ओव्हरटाइममध्ये ८०-७५. मग ऑबर्न ६३-६२, गायचे ते तीन फ्री थ्रो, आणि फायनल टेक्सास टेकविरुद्ध ८५-७७, परत ओव्हरटाइम, हंटर २७. डिफेन्सवर नाव कमावलेल्या टीमने फायनलमध्ये ८५ केले!

जाता जाता एक, महिलांमध्ये हे १९९८ मध्येच झालं होतं, सोळा नंबरच्या हार्वर्डने स्टॅनफर्डला स्टॅनफर्डच्याच कोर्टवर ७१-६७ हरवलं. आणि तिथेही स्टॅनफर्डच्या दोन मुख्य मुली नेमक्या टूर्नामेंटच्या तोंडावर जखमी. २०१८ मध्ये सगळीकडे पहिल्यांदाच घडलं म्हणून छापून आलं तेव्हा वाईट वाटलं होतं मला.

---

स्टॅटवाला

+१ स्वातीताई. पर्ड्यूचं उदाहरण एकदम योग्य. हार्वर्डचं माहीत नव्हतं.

पर्ड्यूवरून आठवलं, २०२३ मध्ये तेच पर्ड्यू एक नंबर असताना सोळा नंबरच्या एफडीयूकडून (फेअरली डिकिन्सन) हरलं, ६३-५८. ७ फूट ४ इंचांचा झॅक ईडी, २१ पॉइंट १५ रिबाउंड, आणि समोर देशातली सगळ्यात बुटकी टीम, जी प्ले-इन (पहिल्या फेरीआधीची मॅच) जिंकून आत आलेली. एफडीयूने ईडीच्या पुढे एक आणि मागे एक उभा केला, गार्डवर पूर्ण मॅच प्रेशर, बाकीच्यांना सांगितलं मारा थ्री. पर्ड्यू २६ पैकी ५. व्हर्जिनिया २२ पैकी ४. दोन्ही वेळा मोठी टीम बाहेरून कोरडी आणि छोटी टीम गार्डच्या जोरावर. पर्ड्यूही पुढच्या वर्षी फायनलला गेलं, मात्र यूकॉनकडून ७५-६० हरलं.

---

रिट्रीव्हर_बाल्टिमोर

एफडीयूच्या मॅचच्या वेळी आमचा पूर्ण ग्रुप जागा होता. आपल्यासोबत आता अजून कुणीतरी आहे याचा आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं, पुरुषांमध्ये पाच वर्षं तो मान एकट्या यूएमबीसीचा होता.

स्वातीताई, पहिल्या हाफचं तुमचं बरोबर आहे पण माझ्या मते २१-२१ हाच आमचा विजय होता. लॉकर रूममध्ये जाताना आमच्या मुलांना कळलं की ही भिंत आपल्याला मारत नाहीये, आणि तुमच्या मुलांना कळलं की वेळ जातोय. त्यानंतर शेरबर्न आणि लाइल्सचे ते पहिले शॉट. पुढच्या फेरीत कॅन्सस स्टेटने आम्हाला ५०-४३ हरवलं, म्हणजे आम्ही रोज ७४ करणारी टीम नव्हतो हे मला चांगलं ठाऊक आहे. त्या रात्री मात्र प्रत्येक क्लोजआऊटला उत्तर होतं आमच्याकडे.

---

मधला_कोर्ट

मग प्रश्न असा की पॅक लाइन आता संपला का? २०१९-२० पासून थ्रीची रेषा मागे सरकून आंतरराष्ट्रीय अंतरावर गेली, २२ फूट पावणेदोन इंच. म्हणजे क्लोजआऊटचं अंतर आणखी जवळजवळ दीड फुटाने वाढलं. व्हर्जिनिया २०२१ मध्ये ओहायोकडून पहिल्याच फेरीत हरली, २०२३ मध्ये फर्मनकडून ६८-६७, २०२४ मध्ये कोलोरॅडो स्टेटकडून ६७-४२.

---

नागपाडा_गार्ड

रेषा मागे गेल्याने दोन्ही गोष्टी झाल्या. धावायचं अंतर वाढलं हे खरं, पण शॉटही लांबचा झाला, सगळ्यांना तो तेवढ्याच टक्क्यांनी जमत नाही, त्यामुळे पॅक लाइनला वाटतं तेवढा तोटा नाही. तुम्ही दिलेल्या मॅच बघा, ओहायोविरुद्ध ६२ दिले, फर्मनविरुद्ध ६८. एवढे दिल्यावर जिंकता यायला हवं. फर्मनची मॅच तर शेवटच्या काही सेकंदांत कोपऱ्यात अडकलेल्या क्लार्कने फेकलेल्या एका पासवर गेली. आणि कोलोरॅडो स्टेटविरुद्ध स्वतःचे ४२! स्वातीताईंचा मुद्दा परत परत खरा ठरतोय, डिफेन्स टिकला, ऑफेन्स आटला.

अडचण मला दुसरीकडे दिसते. ट्रान्सफर पोर्टलमुळे (प्लेयरना कॉलेज बदलण्याची सोय) आता दरवर्षी निम्मी टीम नवी असते. विल्किन्स, डेव्हन हॉल हे चार-चार, पाच-पाच वर्षं एकाच पद्धतीत मुरलेले. पाच जणांचे पाय एकत्र हलायला तेवढा वेळ लागतोच, आणि आता तो कुठल्याच कोचला मिळत नाही.

---

शार्लट्सव्हिलकर

पोर्टलचा मुद्दा अगदी मनातला बोललात. बेनेटने ऑक्टोबर २०२४ मध्ये सीझनच्या तोंडावर निवृत्ती घेतली तेव्हा त्यानेही हेच सांगितलं होतं, की बदललेल्या वातावरणासाठी आपण योग्य माणूस उरलो नाही.

स्वातीताई, पर्ड्यूच्या मॅचवरून माझं मत बरंच हललंय. मी आतापर्यंत हंटर नव्हता म्हणून डिफेन्स फुटला एवढंच धरून बसलो होतो. आता असं म्हणेन की हंटर असता तर दुसऱ्या हाफमध्ये स्विच करता आलं असतं, लाइल्सला २३ मिळाले नसते, दहा-बारा मिळाले असते, आणि आपण ती मॅच बहुतेक सहा-आठ पॉइंटने काढली असती. पण पहिल्या हाफमधले २१ तेव्हाही २१ च्या आसपासच राहिले असते, आणि मग त्याच टूर्नामेंटमध्ये दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत, चांगले गार्ड असलेल्या कुठल्यातरी टीमने आपल्याला घरी पाठवलं असतं.

@रिट्रीव्हर, तुम्ही ओडमला यूएमबीसीत जवळून पाहिलंय. त्याचे वडील डेव्ह ओडम व्हर्जिनियात असिस्टंट कोच होते आणि हा लहानपणी तिथे बॉल बॉय होता, त्यामुळे तो इथलाच आहे हे मला माहीत आहे. मला विचारायचंय ते मॉरासारख्या फुल कोर्ट प्रेशरबद्दल. तो दरवर्षी तसंच खेळवायचा, की त्या वर्षी मॉरा हाताशी होता म्हणून?

---

रिट्रीव्हर_बाल्टिमोर

माझ्या पाहण्यात तरी तो हाताशी असलेल्या प्लेयरवरून ठरवायचा. पसरून खेळायचं, थ्री भरपूर घ्यायचे आणि गार्डला मोकळीक द्यायची, एवढं पक्कं. मॉरा त्या वर्षी अमेरिका ईस्ट कॉन्फरन्सचा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर होता, असा माणूस मिळाल्यावर त्याला अर्ध्या कोर्टवर थांबवून ठेवणं म्हणजे वाया घालवणंच. पुढच्या सीझनच्या आमच्या मॅच मी बघितल्या आहेत, तो नव्हता तेव्हा प्रेशर बरंच कमी होतं. दादा, आमची २०१८ ची व्हरमाँटविरुद्धची फायनल मिळाली तर बघा, व्हर्जिनियाच्या मॅचमध्ये जे केलं त्यातलं बरंचसं तिथे आधीच दिसतं, विशेषतः शेवटची पाच मिनिटं.